काकूची मजुरी कुठे आहे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच प्रश्न सुरू होतो, ‘पुढे काय?’ कुणी डॉक्टर म्हणतं, कुणी इंजिनिअर, कुणी स्पर्धा परीक्षा. पण एखाद्यानं ‘मी धंदा करणार’ असं म्हटलं, की सगळे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्यानं शिक्षण सोडून द्यायचीच भाषा केली! आणि ‘धंदा कसा करायचा हे मी कॉलेजात शिकणार आहे’ असं म्हटलंत, तर मग विचारूच नका. ‘धंदा काय वर्गात बसून शिकतात? तो रक्तात असावा लागतो!’ हे वाक्य अजून तुमच्या कानावर आलं नसेल, तर लवकरच येईल बरं का.

मी स्वतः ते पुष्कळदा ऐकलंय. कारण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी ‘उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन’ हा विषय निवडला. नाव केवढं लांबलचक, नाही का? आमचं घर तासगावचं आणि कॉलेज सांगलीला. सकाळच्या एस.टी.त ओळखीचं कुणी भेटलं आणि ‘काय शिकतेस गं?’ म्हणून विचारलं, की हे नाव सांगून, त्याचा अर्थ सांगून होईपर्यंत निम्मा रस्ता संपायचा! पण या लांबलचक नावाच्या विषयानं मला एक अगदी छोटी गोष्ट शिकवली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे. धंदा न करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल, आणि तुमच्या आईबाबांनाही.

आधी हे दोन जड शब्द जरा हलके करून घेऊ. उद्योजक म्हणजे कोण? दुकान उघडून बसणारा प्रत्येक जण उद्योजक का? जोसेफ शुम्पीटर नावाचे एक मोठे अर्थतज्ज्ञ होऊन गेले. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितलं, की जुन्याच गोष्टींची नवी मांडणी करतो तो उद्योजक. वस्तू नवी असेल, ती बनवण्याची पद्धत नवी असेल, गिऱ्हाईक नवं असेल, कच्चा माल नव्या ठिकाणाहून आणलेला असेल, किंवा काम करणाऱ्या माणसांची बांधणी नवी असेल. म्हणजे काहीतरी अचाट शोध लावायलाच हवा असं नाही, हे ऐकूनच आम्हाला निम्मा धीर आला!

आणि लघुउद्योग म्हणजे केवढा उद्योग? त्याची मापं सरकारनं ठरवून दिली आहेत. २००६ साली त्यासाठी कायदा झाला आणि नंतर ही मापं वाढत गेली. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वर्षाची उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल, तर तो ‘सूक्ष्म’ उद्योग. पंचवीस कोटींची गुंतवणूक आणि शंभर कोटींची उलाढाल इथपर्यंत ‘लघु’. आता बोला! आपल्याला जो हत्ती वाटतो, तो कायद्याच्या नजरेत लहानसाच निघतो. मग तुमच्या गल्लीतला इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची वडापावची गाडी, घरी शिवण शिवणाऱ्या मावशी, ही सगळी मंडळी तर मुंगीएवढी. पण विषय त्यांचाच आहे. मुंगीलाही साखर मोजून न्यावी लागते!

पहिल्याच तासाला आमच्या सरांनी पुस्तक उघडलंच नाही. ते एक लाकडी खुंटी आणि दोरीच्या पाच कड्या घेऊन वर्गात आले. खुंटी जमिनीवर उभी केली आणि म्हणाले, “कुठूनही उभं राहून कड्या टाका. जितक्या लांबून पडेल तितके गुण जास्त.” झालं, वर्गात नुसता गोंधळ! काही जण खुंटीला नाक लावूनच उभे राहिले आणि पाचच्या पाच कड्या घातल्या. काही शूर वीर पार मागच्या भिंतीला टेकले. त्यांची एकही कडी पडली नाही, पण टाळ्या मात्र त्यांनाच मिळाल्या. तिघे-चौघे मधेच कुठेतरी उभे राहिले. पहिली कडी चुकली की अर्धं पाऊल पुढे आले, दुसरी पडली की पाऊलभर मागे सरकले.

सर या मधल्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “यांच्याकडे बघा. जवळून टाकणाऱ्याला जिंकण्यात काही मिळवायचं नाही. भिंतीजवळून टाकणारा हरला, तर दोष नशिबाचा. मधे उभा राहणारा मात्र स्वतःला मोजतोय. आपल्याला कितपत जमतं, हे तो दर कडीला पडताळून बघतोय.”

हा खेळ सरांनी शोधलेला नव्हता. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसाची जिद्द अभ्यासताना तो वापरला. उद्योजकतेच्या प्रशिक्षणात आपल्याकडे आजही तो खेळतात. आणि गंमत अशी, की याच मॅक्लेलंड यांनी ‘धंदा रक्तात असावा लागतो का?’ या प्रश्नाची परीक्षा आपल्या देशातच घेतली होती. १९६४ साली आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या एका संस्थेत थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. मग ते आणि प्रशिक्षण न घेतलेले, अशा दोघांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं. प्रशिक्षण घेतलेल्यांनी जास्त नवे उद्योग काढले, जास्त भांडवल घातलं, जास्त माणसांना कामावर घेतलं. १९६९ साली डेव्हिड विंटर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात मॅक्लेलंड यांनी हे सगळं मांडलं. म्हणजे रक्त तेच, गाव तेच, फरक पडला तो शिकण्यानं.

आपल्याकडे ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ असं म्हणायची एक खोडच आहे. म्हणणारे पुष्कळदा स्वतः मराठीच असतात! आमच्या सांगली जिल्ह्यात तर हे बोलण्याची सोयच नाही, कारण इथे किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. पुढे ते कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. हे सगळं आम्हाला शाळेपासून पाठ होतं. पण कॉलेजात सरांनी वेगळाच मुद्दा काढला. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली! सरांनी विचारलं, “दोन वर्षं एक नांगर विकला जात नाही, तेव्हा घर कशावर चालत असेल? हा प्रश्न ज्याला पडतो त्यानंच पुढचा धडा वाचावा.”

पुढचा धडा होता खर्चाचा हिशोब. आणि इथेच आमची काकू गोष्टीत येते.

आमचं एकत्र कुटुंब. काकू दिवाळीच्या आधी ऑर्डर घेऊन भाजणीच्या चकल्या करते. कितीतरी वर्षं करतेय. तिच्या चकल्या खुसखुशीत, काटेदार, तोंडात टाकली की आवाज आलाच पाहिजे! आम्हाला त्या वर्षी एका चालू व्यवसायाचा हिशोब मांडून प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या मुलांनी दुचाकीचं गॅरेज, दूध डेअरी, बेदाण्याचं शेड, असं मोठं मोठं काहीतरी निवडलं. मी काकूच्या चकल्या घेतल्या. घरातच होत्या, आणि प्रकल्प करता करता खाताही येत होत्या!

काकूला विचारलं, “काकू, एका किलोमागे तुला सुटतात किती?” ती म्हणाली, “सुटतात की चांगले! दिवाळीच्या साड्या निघतात त्यातनं.” हा झाला तिचा हिशोब. मी वही घेऊन तिच्याशेजारी बसले आणि दहा किलो चकल्यांचा खर्च लिहून काढला. तुम्हीही बघा.

आठ किलो भाजणीचे तांदूळ, डाळी, धणे, जिरे मिळून ७२० रुपये. गिरणीत दळण ८० रुपये. तेल ४५० रुपये. तिखट, तीळ, ओवा, मीठ आणि मोहनाचं लोणी २५० रुपये. गॅस १५० रुपये. पिशव्या आणि वरच्या चिठ्ठ्या १०० रुपये. एकूण १,७५० रुपये. काकू २२० रुपये किलोनं विकायची. म्हणजे दहा किलोचे आले २,२०० रुपये. वजा खर्च, राहिले ४५० रुपये. मी ठळक अक्षरात लिहिलं, ‘नफा : ४५० रुपये’. खाली दोन रेघा मारल्या आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेन्सिलीनं ‘नफा’ या शब्दाभोवती एक गोल काढला आणि विचारलं, “सगळं बरोबर आहे. पण काकूची मजुरी कुठे आहे?”

मी म्हटलं, “सर, काकू घरचीच आहे.”

“घरची आहे म्हणून ती दमत नाही का?” सर म्हणाले. “गिरणीवाला तुमचा शेजारी असेल. त्याच्या दळणाचे पैसे धरलेस. गॅसचे धरलेस. मग जिच्याशिवाय चकली होतच नाही, तिचेच तेवढे धरले नाहीत. किती तास लागतात, ते बघून ये.”

पुढच्या रविवारी मी घड्याळ समोर ठेवून बसले. धान्य निवडणं, धुणं, वाळवणं, मंद आचेवर एकेक जिन्नस भाजणं, गिरणीत जाऊन येणं, पीठ मळणं, सोऱ्यानं चकल्या पाडणं, घाण्यामागून घाणा तळणं, निवल्यावर भरणं आणि वजन करणं. काकूचे ११ तास झाले. मधे मधे आई मदतीला यायची, तिचे ४. एकूण १५ तास. आता ४५० भागिले १५. तासाला ३० रुपये! आठ तासांचा दिवस धरला तर २४० रुपये. आमच्याकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांना तेव्हा दिवसाची मजुरी याहून जास्त मिळत होती. आणि या ४५० रुपयांतून मोडलेल्या चकल्या, ‘जरा चव बघा’ म्हणून वाटलेल्या चकल्या आणि बुडालेली उधारी अजून वजा करायची होतीच.

म्हणजे काय झालं, कळलं का? ज्याला आम्ही सगळे ‘नफा’ म्हणत होतो, तो नफा नव्हताच. ती काकूची आणि आईची मजुरी होती, आणि तीही अपुरी. धंद्यातून पैसे सुटत होते असं नाही, काकू आपल्या पदरचे श्रम त्यात घालत होती. दरवर्षी. आणि हे घरात कुणालाच दिसत नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी हे घरात सांगितलं. काका म्हणाले, “आता घरच्या बाईच्या कामाचे पैसे धरायचे काय? उद्या म्हणशील, पोळ्यांचे पण धरा!” सगळे हसले. आजी हसली नाही. ती म्हणाली, “धरले असते तर वाईट झालं नसतं.” काकू काहीच बोलली नाही. ती नुसती वहीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “ते तास लिहिलेलं पान मला दे गं.” पान तिनं डब्यांच्या फळीवर, पंचांगाशेजारी खोचून ठेवलं.

मी ही गोष्ट सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी आम्हाला लिज्जत पापडची कहाणी नव्यानं वाचायला लावली. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पुढे त्याची केवढी मोठी संस्था झाली, ते तुम्हाला माहीत आहे. त्या सातजणींपैकी एक जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण सरांना आम्हाला दाखवायचा होता तो त्यांचा हिशोब. तिथे पापड लाटण्याची मजुरी वेगळी धरतात. तिला ‘वणाई’ म्हणतात. जेवढे पापड लाटले तेवढी वणाई भगिनीला मिळते, नफा-तोट्याचा हिशोब त्यानंतरचा. घरात बसून केलेलं, बाईनं केलेलं, म्हणून ते काम फुकटचं नाही, हे तिथे हिशोबातच लिहिलेलं आहे.

मग काकूच्या चकल्यांचं पुढे काय झालं? तुम्ही म्हणाल, सोपं आहे, भाव वाढवायचा! पण काकूला धास्ती वाटत होती. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, सगळी ओळखीची. भाव वाढवला आणि कुणी आलंच नाही तर? ही धास्ती खोटी नव्हती. तेव्हा सर म्हणाले, “मग विचारून या. पण नीट विचारा.”

नीट विचारणं म्हणजे काय, हाही एक धडाच आहे. आम्ही घरोघर जाऊन ‘तुम्हाला चकली आवडते का?’ असं विचारलं असतं, तर सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं असतं. चकली कुणाला आवडत नाही? ‘तुम्ही विकत घ्याल का?’ असं विचारलं, तरी माणसं भिडेपोटी ‘घेऊ की’ म्हणतात. म्हणून सरांनी प्रश्नच बदलून दिला. ‘गेल्या दिवाळीत चकल्या कुठून आणल्या? किती आणल्या? काय भावानं?’ माणूस पुढे काय करणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. पण मागे काय केलं, ते तो खरं सांगतो. आम्ही २२ घरी विचारलं. ९ घरांत चकल्या घरीच होत होत्या. ८ घरं काकूकडून किंवा तिच्यासारख्या कुणाकडून घेत होती. आणि ५ घरं दुकानातून ३२० रुपये किलोनं आणत होती, वर ‘काकूंच्या चकलीची सर नाही त्याला’ असंही म्हणत होती!

पुढच्या दिवाळीला काकूनं भाव २८० रुपये केला. आधीच्या वर्षी तिच्या ४० किलो चकल्या गेल्या होत्या, त्या वर्षी ३१ किलोच गेल्या. काही जुनी गिऱ्हाइकं खरंच तुटली. एका शेजारणीनं तर महिनाभर काकूशी नीट बोलणंही टाकलं. काकूला त्याचं वाईट वाटलं, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण हिशोब बघा. तेला-डाळींचे भाव त्या वर्षी फारसे हलले नव्हते. आधी किलोमागे ४५ रुपये राहायचे. ४० किलोचे झाले १,८००, आणि त्यासाठी राबणं ६० तासांचं. आता किलोमागे १०५ राहिले. ३१ किलोचे झाले ३,२५५, आणि राबणं साडेसेहेचाळीस तासांचं. तासाला ३० रुपयांचे ७० झाले! आणि दिवाळीच्या आदल्या रात्री काकू पहिल्यांदाच आमच्याबरोबर आकाशकंदील लावायला अंगणात होती. एरवी त्या वेळी ती शेवटचा घाणा तळत असायची.

आणि काका? एक गिऱ्हाईक दारात घासाघीस करत होतं. मी कान देऊन ऐकलं. काका शांतपणे म्हणत होते, “मजुरी धरून भाव आहे हो. त्यात कमी नाही व्हायचं.”

आता तुम्हाला वाटेल, हा विषय शिकला की धंदा चालणारच. तसं मात्र नाही हं. कधी कधी ‘हा धंदा करू नको’ हेही हिशोबच सांगतो. माझ्या एका वर्गमित्राला कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. त्यानं आधी कागदावर मांडलं. गाळ्याचं भाडं ६,००० रुपये, यंत्राचा हप्ता ५,०००, वीज आणि किरकोळ १,५००. आणि या खेपेला त्यानं न विसरता स्वतःचा पगार धरला, १०,०००. महिन्याचे झाले २२,५०० रुपये. एका प्रतीचे दोन रुपये मिळतात, त्यातला एक रुपया कागद आणि शाईत जातो, हातात राहतो एक. म्हणजे महिन्याला २२,५०० प्रती काढल्या, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होणार. याला ‘ना नफा ना तोटा बिंदू’ म्हणतात. महिन्याचे २५ दिवस धरले, तर रोजच्या ९०० प्रती. मग तो तीन दिवस शेजारच्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर बसला आणि मोजत राहिला. त्या जुन्या, चालत्या दुकानातच दिवसाला सहाशेच्या आसपास प्रती निघत होत्या. त्यानं वही मिटली. वडिलांनी दुकानासाठी बाजूला ठेवलेले पैसे वाचले. सरांनी त्याला प्रकल्पात सगळ्यांत जास्त गुण दिले!

खरं सांगायचं, तर स्वतःचा पगार धरला नसता, तर त्याला रोजच्या ५०० प्रती पुरेशा वाटल्या असत्या आणि त्यानं दुकान टाकलंही असतं. दिवसभर उभा राहून महिन्याच्या शेवटी हातात काही नाही, आणि का नाही तेही कळत नाही, अशी कितीतरी दुकानं आपल्या आसपास असतात. आठवून बघा, काही महिन्यांत पाटी बदललेला एखादा गाळा तुमच्याही रस्त्यावर असेल.

आमच्या वर्गातली सगळी मुलं काही उद्योजक झाली नाहीत. पुष्कळांनी नोकरी धरली. मी स्वतः एका कारखान्यात हिशोब विभागात काम करते आणि दिवाळीच्या आधी महिनाभर काकूची वही सांभाळते. काकूलाही मोठा कारखाना काढायचा नाही. ‘मला झेपतं तेवढंच मी करणार,’ असं ती ठणकावून सांगते. खुंटीपासून किती अंतरावर उभं राहायचं, हे तिनं मोजून ठरवलंय. मला वाटतं, या विषयात पास झाल्याची याहून चांगली खूण नाही!

तुमच्यापैकी कुणाला हे शिकावंसं वाटलं, तर वाटा पुष्कळ आहेत. बारावी कॉमर्सच्या ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या पुस्तकात उद्योजकता विकासाचा धडा आहे. पुढे पदवीला हा विषय घेता येतो. कॉलेजात न जाताही शिकता येतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा उद्योग केंद्र असतं, ही योजना १९७८ पासूनची. कर्ज-बिर्ज काढायची घाई मात्र आत्ता करू नका. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांना करार करता येत नाही, तेव्हा बँक तुम्हाला दारातूनच परत पाठवेल!

पण वही घालायला वयाची अट नाही. येत्या सुटीत एवढंच करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी शिवण शिवत असेल, डबे देत असेल, शिकवण्या घेत असेल, रिक्षा चालवत असेल, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याशेजारी एक दिवस बसा. काय काय आणावं लागतं ते लिहा. किती पैसे येतात ते लिहा. आणि सगळ्यांत शेवटी घड्याळ बघून त्यांचे तास लिहा. भागाकार तुम्हाला येतोच. जे उत्तर येईल ते त्यांना दाखवा. वडीलमंडळींनो, मुलांनी असं पान तुमच्यासमोर धरलं, तर हसण्यावारी नेऊ नका. नीट वाचा. त्यात कदाचित पहिल्यांदाच तुमचंही नाव लिहिलेलं असेल.